लोह कुठे जाऊन राह्यलं

आंजी (मोठी)
२६ नोव्हेंबर २०२३

वर्षाली,

घरी सगळे बरे आहेत असं लिहायची रीत आहे, पण सगळे बरे नाईत म्हूनच लिहून राह्यली. फोनवर बोलता येत नाई. घरात टॉवर फक्त ओसरीत भेटते आन् ओसरीत दिवसभर तुहे काका बसले राह्यतात. तू म्हणशील, दिवसभर कसे काय बसतात? तेच तं सांगायचं आहे.

धनंजयच्या लग्नापासून त्यायचा जीव थकून राह्यला. तुले माहीत आहे, जन्म त्या वेल्डिंगच्या शेडमधे गेला. ट्रॉलीचा सांगाडा एकटे उलटा करत. आता अर्ध्या कामातून उठतात, सगळं धनंजयच्या अंगावर टाकून घरी येतात. विचारलं तं म्हणतात, पोराले शिकू दे. मी म्हटलं बरं.

पण तोंड पाह्यलं तं पांढरंफटक. मी जबरदस्तीनं गावातल्या डॉक्टरकडे नेलं. हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. डॉक्टर म्हणे, लोह कमी झालं, या वयात होते. गोळ्या देल्ल्या. नखंबी पाह्य कशी झाली, चमच्यावानी गोल.

तू लोहावरच शिकून राह्यली नं? धनंजय आकांक्षाले सांगत होता, आमची ताई हैदराबादले फुप्फुसाच्या कॅन्सरमधल्या लोहावर काम करते. मले त्यातलं कळत नाई, पण लोह तं लोहच. काय खाऊ घालू त्यायले, ते सांगजो. आकांक्षा घरात नवी आहे, तिच्यासमोर मी काळजीचं बोलत नाई. म्हून पत्रच टाकजो.

काकू

•

हैदराबाद
४ डिसेंबर २०२३

काकू,

तुझं पत्र प्रयोगशाळेच्या पत्त्यावर आलं तेव्हा मी हातमोजे घालून बसले होते. ते काढून आधी पत्र वाचलं, मग काम केलं. हैदराबादेत मला पत्र पाठवणारी तू एकटीच.

काळजी करू नकोस. नखं चमच्यासारखी होणं ही लोह कमी झाल्याची अगदी पुस्तकातली खूण आहे. डॉक्टरांनी बरोबर ओळखलं. गोळ्या जेवणाआधी दे, वर लिंबू-पाणी दे, आणि गोळी घेतल्यावर लगेच चहा देऊ नकोस. काका चहा सोडणार नाहीत, पण तासभर तरी थांबव. भाजी लोखंडी कढईत कर. शेवग्याचा पाला, हरभऱ्याची भाजी, गूळ-शेंगदाणे. गोळ्या पोटाला मानवल्या नाहीत तर हल्ली सलाईनमधूनही लोह देतात, तसं डॉक्टरांना विचार. आणि एक: या वयाच्या पुरुषाचं लोह आपोआप कमी होत नाही, रक्त कुठून तरी जात असतं. मूळव्याध किंवा पोटात जखम आहे का, तेवढं तपासून घे.

माझं काम तू विचारलंस म्हणून सांगते. आम्ही फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी थाळीत वाढवतो. एका थाळीतलं लोह काढून घ्यायचं, दुसरीत ठेवायचं. काढलं की त्या मंदावतात, परत दिलं की वाढतात. साध्या पेशीलाही लोह लागतं, पण या पेशी अंगावर लोह पकडायची जास्तीची दारं उघडतात आणि मिळेल तेवढं आत ओढतात. ती दारं बंद कशी करायची हे आम्ही शोधतोय. घरात पोथी वाचतात तसे आम्ही रोज सकाळी त्या थाळ्या वाचतो.

काकांना माझा नमस्कार. धनंजयला सांग, आकांक्षाला घेऊन इकडे ये.

वर्षाली

•

आंजी (मोठी)
९ जानेवारी २०२४

वर्षाली,

तू सांगतलं तसं सगळं केलं. कढई तं मी रोज चुलीवर चढवते. गोळीची वेळ मी स्वतः पाह्यते आन् तुहे काका लहान पोरावानी तोंड उघडतात. एकबी गोळी चुकवली नाई. मूळव्याध नाई निघाली. पोटबी साफ आहे म्हणे.

तरी रक्त वाढलं नाई. उलटं आठावर आलं. मंग मी डॉक्टरले म्हटलं, आमची पोरगी सांगते, सलाईनमधून लोह देतात. त्यायनं देल्लं. काळपट लाल रंगाचं सलाईन, पाहूनच वाटलं, आता अंगात रक्त चढन. एक झालं, मंग आठवड्यानं दुसरं, मंग तिसरं. माणूस तसाच. शर्ट अंगावर लोंबते. मले समजत नाई, एवढं लोह जाऊन राह्यलं कुठे.

आन् एक गंमत पाह्य. धनंजयच्या सासऱ्यानं लग्नात त्यायले अंगठी घातली होती नं, ती परवा आंघोळीच्या वेळी काढायले गेले तं बोटाच्या शेंड्यावरून निघेचना. अंग वाळलं आन् बोटाचे शेंडे फुगले. पुऱ्या दहाही बोटायचे. नखं तं चमच्याच्या पाठीवानी वर आली आहेत. साबण लावून काढली.

खोकला आहे थोडा, पण तो वेल्डिंगच्या धुराचा, तू लहान होती तवापासूनचा. उजवा खांदा दुखते म्हणतात. मी तेल लावून देते. विडीले त्यायनं कधी हात लावला नाई, म्हून छातीची मले चिंता नाई.

संक्रांत आली. तिळाचे लाडू पाठवून राह्यली.

काकू

•

हैदराबाद
१५ जानेवारी २०२४

काकू,

पत्र वाचताच फोन केला होता. काकांनीच उचलला. ‘मी ठणठणीत आहे, तू तुह्या अभ्यासाकडे पाह्य’ म्हणाले आणि ठेवून दिला. आवाज बसलेला वाटला. सर्दी आहे का?

आता मी सांगते ते कर, आणि का ते आत्ता विचारू नकोस.

काकांच्या नखावर पाण्याचा एक थेंब ठेव. हात सपाट ठेवायला सांग. थेंब नखाच्या खळग्यात बसून राहतो की घरंगळून जातो, ते बघ. प्रत्येक बोटावर बघ. तू पहिल्या पत्रात ‘चमच्यावानी’ लिहिलंस आणि मी चमच्याची आतली बाजू धरली. लोह कमी झालं की नखाला खळगा पडतो. तू या वेळी चमच्याची पाठ लिहिली आहेस.

रक्ताची आणखी एक तपासणी करायची आहे. फेरिटिन असं नाव डॉक्टरांना सांग. शरीरात लोह किती साठवलेलं आहे ते तिच्यातून कळतं. आणि छातीचा एक्स-रे काढा. गावात नको, वर्ध्याला जा. धनंजयला सोबत घे.

तोवर गोळ्या बंद. सलाईन अजिबात नको.

वर्षाली

•

आंजी (मोठी)
२४ जानेवारी २०२४

वर्षाली,

थेंब थांबला नाई.

ओसरीत त्यायले बसवलं. म्हटलं, वर्षालीनं सांगतलं आहे. ते हसले, म्हणे आता हिचा प्रयोग माह्यावर चालू झाला. हात पाटावर ठेवला. आकांक्षा चमच्यानं एक एक थेंब टाकत गेली. टाकला की घरंगळला. अंगठ्याचा गेला, करंगळीचा गेला. दुसरा हात ठेवला, त्याचेबी गेले. पाटावर पाणी झालं. मले माहीत नव्हतं थेंबाचा अर्थ काय, पण तुह्या पत्रातल्या अक्षरावरून समजलं होतं का तो थांबाले पाहिजे होता.

वर्ध्याले गेलतो. ती फेरिटिनची तपासणी केली. तिथले डॉक्टर म्हणे, बाई, यायच्या अंगात लोह कमी नाई, पाहिजे त्याच्या कितीतरी पट जास्त साठून आहे. मी म्हटलं, मंग रक्तात काऊन नाई? ते म्हणे, आधी एक्स-रे पाहू. एक्स-रेत उजव्या बाजूले वर पांढरा डाग आहे, लिंबाएवढा. सावंगीले मोठ्या दवाखान्यात जा म्हणून चिठ्ठी देल्ली.

आंजी आल्यावर तुहे काका धनंजयले म्हणे, मले शेडवर उतरव, येळाकेळीवाल्याची ट्रॉली उद्या द्यायची आहे.

अंगात लोह भरलं आहे आन् रक्त पांढरं, हे कसं होते ते मले समजून सांगजो. जे असन ते सांगजो.

काकू

•

हैदराबाद
३० जानेवारी २०२४

काकू,

समजून सांगते. आपल्या शरीराला लोह साठवायची कोठी असते. रक्त बनवायचं झालं की कोठीतून लोह निघतं. पण शरीरात कुठे मोठा, बरेच दिवस चाललेला आजार असला की शरीर घाबरतं आणि कोठीला कुलूप लावतं, शत्रूच्या हाती लोह लागू नये म्हणून. आतड्यातलं दारही लावून घेतं. मग कोठी भरलेली आणि रक्त उपाशी. गोळ्या देऊन उपयोग होत नाही तो यामुळेच. आणि फुगलेले शेंडे, वर आलेली नखं ही बऱ्याचदा छातीतल्या जुन्या आजाराची खूण असते, म्हणून थेंब टाकून बघायला सांगितलं.

काकांच्या बाबतीत आणखी एक शक्यता आहे. वेल्डिंगच्या धुरात लोखंडाचे बारीक कण असतात. वर्षानुवर्षं ते फुप्फुसात बसतात आणि तिथेच राहतात. त्यानेही फेरिटिन वाढतं, एक्स-रेत ठिपके दिसतात. ते फारसं धोक्याचं नसतं. डाग तसलाही असू शकेल.

सावंगीला लगेच जा. स्कॅन करतील, सुईनं त्या डागाचा तुकडा तपासायला काढतील. तुकड्याला नाही म्हणू नका. अनुसयाबाई आत्या सिंदी मेघेला आहे, तिच्याकडे राहा, रोज जाणंयेणं नको. मी रजा टाकली आहे, मिळाली की येते.

धीर धर.

वर्षाली

•

सिंदी मेघे
३ मार्च २०२४

वर्षाली,

तू येऊन गेली, चार दिवस सगळं तूच सांभाळलं, डॉक्टरशी तूच बोलली. तेव्हा एक विचारायचं राहून गेलं. आता तू गेल्यावर लिहून राह्यली.

फुप्फुसाचा कॅन्सर आहे आन् तो खांद्याच्या हाडात गेला आहे, हे मी आता नुसतं उच्चारू शकते. तुह्या काकाले डॉक्टरनं समोर बसवून सांगतलं. त्यायनं विचारलं, विडी न पिता कसा झाला? डॉक्टर म्हणे, विडी न पिणाऱ्यालेबी होते. वेल्डिंगच्या धुरानंबी होऊ शकते, पण तुम्हाले त्यानंच झाला असं छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाई. तुकड्याची आणखी एक तपासणी मुंबईले गेली आहे, ती जमली तं रोजची गोळी भेटन, मोठ्या इंजेक्शनची गरज पडणार नाई.

आता माहं विचारते. तू मले पहिल्या पत्रात लिहिलं होतं का त्या पेशी लोह खातात, लोह देल्लं का वाढतात. ते पत्र मी काल पुन्हा वाचलं. मी दोन महिने त्या माणसाले लोह चारलं, वर्षाली. कढईत, गोळीत, सलाईनमधे. एकेक सलाईन चढताना मी उशाशी बसून थेंब मोजत होती, का अजून किती उरलं, लवकर जाऊ दे अंगात. दर सलाईननंतर तो माणूस आणखी वाळला.

मी त्यायले चारलं का त्या गाठीले चारलं? नाई तं नाई म्हण, आन् हो तं हो म्हण. पण घुमवून लिहू नको.

काकू

•

हैदराबाद
९ मार्च २०२४

काकू,

नाही.

ती गाठ तू कढई चढवायच्या कितीतरी आधीपासून तिथे होती. अशी गाठ दोन महिन्यांत होत नाही, तिला वर्षं लागतात. बोटांचे शेंडे फुगायलाही महिने जातात. काकांच्या आतड्यातलं दार शरीरानं आधीच लावून घेतलं होतं, त्यामुळे तुझ्या भाजीतलं आणि गोळ्यांतलं लोह बहुतेक जसं गेलं तसं बाहेर पडलं. थाळीतल्या पेशी आणि माणूस यांत फार फरक असतो. मी पहिल्या पत्रात लिहिलं ते थाळीबद्दल होतं.

तू त्यांना काही केलेलं नाहीस. हे पत्र जपून ठेव आणि मनात तसं आलं की पुन्हा वाच.

मुंबईचा रिपोर्ट आला की कळव.

वर्षाली

•

सिंदी मेघे
२० मार्च २०२४

वर्षाली बेटा,

तुह्या काकूले पत्र येते ते मीच पोस्टमनच्या हातून घेतो, हे तुमच्या दोघीच्याबी ध्यानात आलं नाई. फोडलं कधीच नाई. पण तुहं मागचं पत्र तिनं मले स्वतः वाचायले देल्लं. म्हणे, पाहा, पोरगी नाई म्हणते. तिच्या तोंडावर लय दिवसानं रंग आला होता.

मी दोनदा वाचलं. भाजीचं लिहिलं, गोळीचं लिहिलं. सलाईनचं एक अक्षर नाई. मी जास्त शिकलो नाई, पण कोणी माप सांगताना एक बाजू सोडून सांगतली तं मले समजते का त्या बाजूले खोट आहे. तिले नको सांगू. मले सांग.

आन् मीबी तुले एक सांगतो. लग्नाच्या हळदीच्या दिवशी मी शेडच्या मागं खोकलो आन् रुमालात रक्त आलं. त्याच्या आधी हिवाळ्यातबी दोनदा आलतं. तेव्हा ना गोळी होती ना सलाईन. मी कोणाले बोललो नाई. सोयरीक जुळली होती, पत्रिका वाटल्या गेल्या होत्या. म्हटलं लग्न होऊन जाऊ दे. लग्न झालं, मंग म्हटलं पेरणी होऊन जाऊ दे. मंग तुह्या काकूनं लोहाच्या गोळ्या आणल्या आन् मले बरं वाटलं. एवढंच असन, असं मीबी धरून बसलो. तिचा हात दिसे नं, गोळी घेऊन येणारा. त्या हाताले कसं म्हणू, का हे सोड, माह्या छातीतून रक्त पडून राह्यलं.

मुंबईचा रिपोर्ट आला. रोजची गोळी भेटते म्हणतात.

चंद्रभान

•

हैदराबाद
२७ मार्च २०२४

काका,

तुम्ही विचारलंत म्हणून तुम्हाला खरं लिहिते.

सलाईनमधलं लोह आतड्याचं दार ओलांडून सरळ रक्तात जातं. तिथून ते कुठे गेलं, मला माहीत नाही. बरंचसं कोठीत जाऊन पडलं असेल. थोडं त्या गाठीनं ओढलं असेल. त्यामुळे ती वाढली का, किती वाढली, हे मला सांगता येत नाही. डॉक्टरांनाही येणार नाही, आणि जो छातीठोक सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कॅन्सरच्या काही रोग्यांना रक्त वाढावं म्हणून डॉक्टर विचार करून असं सलाईन देतात, हेही खरं. सलाईनचं मी सुचवलं होतं. काकूला ते आठवत नाही किंवा आठवून ती बोलत नाही. म्हणून मी ते वाक्य गाळलं.

गाठ त्याआधीची होती, एवढं मात्र नक्की. तुमच्या रुमालानं ते मला आता आणखी नक्की केलं. काका, हे काकूला तुम्हीच सांगायला हवं. माझ्या ‘नाही’वर ती फार दिवस उभी राहणार नाही. तिला तुमचं हवं आहे. तुम्ही गप्प राहिलात तर ती जन्मभर ते सलाईनचे थेंब मोजत बसेल.

आणि धनंजय. तो अठरा वर्षांचा असल्यापासून त्याच शेडमध्ये उभा आहे. तीन बाजूंनी टिन आणि समोर एक दार. तुम्ही जो धूर घेतलात तोच तो घेतोय. त्याचा स्कॅन करून घ्या. त्याला मी दोनदा फोन केला, तो म्हणतो, ताई, मले काही होत नाई.

रोजच्या गोळीनं आराम पडेल. काही जणांना तो बरेच महिने टिकतो. कायमचा नसतो, हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं असेलच.

वर्षाली

•

आंजी (मोठी)
१२ मे २०२४

वर्षाली,

त्यायनं मले सांगतलं. जेवण झाल्यावर, भांडे घासून मी आत आली तेव्हा. रक्ताचं, रुमालाचं, सगळं. रुमाल कोणता ते विचारलं तं म्हणे, शेडच्या भट्टीत जाळला.

तुले वाटलं असन, माहं ओझं उतरलं. उतरलं असन कुठेतरी. पण मले पहिले राग आला, एवढा राग का मी उठून बाहेर अंगणात जाऊन बसली. मी म्हटलं, तुम्हाले ठाऊक होतं आन् तुम्ही माह्या हातानं गोळ्या खाल्ल्या. मी विचारत होती, आज कसं वाटते, आन् तुम्ही म्हणत होते, आज थोडं बरं वाटते. एकेक भाजी तुम्ही चाटून पुसून खाल्ली. कशासाठी? ते म्हणे, तू एवढ्या उमेदीनं करत होती. मी म्हटलं, माह्या उमेदीसाठी तुम्ही आपला जीव पणाले लावला? मी आठ-दहा दिवस त्यायच्याशी धड बोलली नाई. मंग बोलली. दिवस किती आहेत ते माहीत नसताना अबोला कसा धरते माणूस.

रोजच्या गोळीनं फरक आहे. खांदा कमी दुखते. भूक लागते. बोटायचे शेंडे उतरले, आकांक्षानं पाह्यलं. रक्त दहावर आलं, काही न करता. लोहाचं कुलूप उघडलं का ग थोडं? डॉक्टर म्हणे, गाठ दबली का रक्त आपोआप सुधारते. मले ते ऐकून बरं वाटाले पाहिजे होतं. पण मी म्हटलं, म्हणजे एवढे दिवस त्या गाठीनंच सगळं अडवून ठेवलं होतं. लिंबाएवढी चीज आन् पुऱ्या माणसाचा कारभार तिच्या हाती.

धनंजय स्कॅनले तयार नाई. बापालेबी ऐकत नाई.

काकू

•

आंजी (मोठी)
१७ नोव्हेंबर २०२४

वर्षाली,

दिवाळीत तू आली होती तेव्हा त्यायचा आवाज गेलाच होता. आता गोळी काम करत नाई. डॉक्टरनं मोठं इंजेक्शन सांगतलं, तुह्या काकानं हातानंच नको म्हटलं. घरी ऑक्सिजनची मशीन आणली आहे. ती दिवसभर घरघर करते. आम्हाले सवय झाली.

परवा काय झालं ते लिहिते.

सकाळीच त्यायनं इशारा केला, मले शेडवर न्या. मी म्हटलं, काही नाई जायचं. पण उठून बसले, सदरा मागतला. शेजारच्या बाबाराव भाऊजीच्या गाडीत बसवलं, सोबत ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर. शेडजवळ नेता येत नाई, ऑक्सिजनजवळ ठिणगी चालत नाई. म्हून रस्त्याच्या या बाजूले निंबाखाली खाट टाकली. त्यायनं धनंजयले बोलावून घेतलं आन् पाटीवर खडूनं लिहून दाखवलं: मागची भिंत काप.

धनंजयले वाटलं, बाबाले भ्रम झाला. म्हणे, भिंत कापली तं पावसाचं पाणी येईन, सामान चोरीले जाईन. तुह्या काकानं तेच पाटीवर पुन्हा गिरवलं. मंग खाली लिहिलं, दोन्ही बाजूच्याबी.

मंग धनंजयनं गॅस कटर काढला. दिवसभर ते काम चाललं. तुहे काका खाटेवरून हातानं दाखवत होते, इथून काप, खांब राहू दे, वरची पट्टी राहू दे. टिन धरणारा लोखंडी आंगल कुठे आहे ते त्यायले इकडून, रस्त्यापलीकडून दिसत होतं. त्यायनंच उभारलेली शेड ती. टिनाचा एकेक पत्रा खाली पडे आन् पाठीमागचं तुरीचं वावर दिसत जाये. चार वाजेपर्यंत नुसतं छप्पर आन् खांब उरले. आरपार वारा वाहत होता. भिंतीच्या आतल्या बाजूचे पत्रे काळे होते, बोट लावलं तं काळं पीठ हाताले आलं. आकांक्षानं ते पाह्यलं. तिनं बोट पदराले पुसलं आन् धनंजयकडे पाह्यलं, एवढंच.

घरी आल्यावर तुह्या काकाले खूप दम लागला. रात्रभर बसूनच काढली. पण दुसऱ्या दिवशी धनंजय स्वतः म्हणाला, स्कॅनचं पाहू.

सवड काढून येजो. आता उशीर करू नको.

काकू

•

आंजी (मोठी)
९ मार्च २०२५

वर्षाली,

तू तेरवीनंतर गेली तेव्हापासून घर लय शांत आहे. मशीन वापस नेली ना. झोपेत मी अजूनबी ती घरघर शोधते.

तुहे काका गेले त्या दुपारी तू आन् मी दोघीबी होतो, म्हून त्याचं लिहीत नाई. एकच सांगते, जे तुले सांगतलं नव्हतं. आदल्या दिवशी त्यायनं माहा हात धरून आपल्या नखावर ठेवला आन् आवाजाबिगर, नुसते ओठ हलवून म्हणाले, ‘तुह्या हातचं सगळं गोडच लागलं.’ मी तुह्यापाशी सलाईनचं पुन्हा कधी विचारणार नाई. तुले माहीत नाई, हे मले आता समजलं आहे. तुह्या काकाले लिहिलेलं पत्र त्यायनं मलेच दाखवलं होतं, मे महिन्यातच. तू ते वाक्य काऊन गाळलं तेबी समजलं. मले राग नाई.

धनंजयचा स्कॅन झाला. सावंगीच्या डॉक्टरनं मले आन् आकांक्षाले बोलावून दाखवला. उजव्या फुप्फुसात एक बारीक ठिपका आहे, मुगाच्या दाण्याएवढा. डॉक्टर म्हणे, लोखंडाची धूळ बसलेली असन, जुना डाग असन, किंवा दुसरं काही असन. आता सुई टोचण्याएवढा तो मोठा नाई. तीन महिन्यानं पुन्हा स्कॅन करू, वाढला का तेवढाच आहे ते पाहू. फेरिटिन केलं, थोडं जास्त आहे. वेल्डिंग करणाऱ्याचं राह्यते म्हणे. रक्त चांगलं आहे.

त्यानं तोंडाले लावायचा चांगला मास्क घेतला. उघड्यावर काम करते. कधी लावते, कधी गळ्यात लटकवते. आकांक्षाले पाचवा महिना आहे. डॉक्टरीणबाईनं तिले लोहाच्या गोळ्या देल्ल्या. पुडी हातात घेऊन ती माह्याकडे पाहत उभी राह्यली. मी म्हटलं, घे बाई, तुले पाहिजेत त्या. तिनं गोळी गिळली.

स्कॅन जूनमधे आहे. तू त्या वेळी येजो. रिपोर्ट मी एकटी घेणार नाई.

आज सकाळी धनंजय ओसरीत चहा पीत होता. एकदा खोकलला. मी पोळी लाटत होती, आकांक्षा तांदूळ निवडत होती. दोघीयचेबी हात थांबले. तो पुन्हा खोकलला नाई. कप ठेवून शेडवर गेला. मंग आकांक्षानं सूप उचललं आन् मी पोळी लाटाले घेतली.

काकू